टेकडीवरच्या दोन पाकळ्या

मित्रांनो, मी एक जुने बंदर आहे. जुने म्हणजे दोन-तीन वर्षांचेच, पण पुठ्ठ्याची बंदरे लवकर म्हातारी होतात. मी समुद्र पाहिलेला नाही. माझा जन्म सोलापुरात झाला, आणि पुठ्ठा, थर्माकोल, काच व निळा रंग एवढेच माझे अंग. माझी हकीकत सांगण्याजोगी आहे का, याची मला खात्री नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

उजनी धरणाच्या फुगवट्यात, करमाळ्याच्या बाजूला, एक टेकडी पाण्याबाहेर राहिली होती. तिचे बेटच झाले होते. त्या बेटावर बंदर आणि बंदराभोवती शहर वसवायचे, असे एका पक्षाने ठरवले. मालाच्या बोटी, केळी-डाळिंबांसाठी शीतगृहे, हॉटेले, कामगारांना घरे. आपल्या मुलांना कामासाठी पुण्याला जावे लागणार नाही, असे पक्षाचे नेते उदयसिंह मनापासून सांगत. ते स्वप्न वाईट नव्हते, असे मला अजूनही वाटते. ते लोकांना दिसावे म्हणून मला घडवले गेले.

मला घडवले रत्नम्माबाईंनी. एरवी त्या गणपतीची मखरे करत. त्यांनी तळाला एक जुना नकाशा चिकटवला. त्यात धरणाखाली गेलेल्या गावाची वेस, आड, गल्ल्या सगळे होते.

"साहेब, खाली गाव दिसतंय की. पुसू काय?" त्यांनी विचारले.

"पुसताय कशाला? वरनं निळा रंग मारा की," उदयसिंह म्हणाले. "धरणानं तरी दुसरं काय केलंय?"

सगळे हसले. रत्नम्माबाई हसल्या नाहीत. त्यांनी रंग दिला आणि वर काच बसवली.

पक्षाच्या कार्यालयात माझे फार कौतुक झाले. लोक माझ्यासोबत फोटो काढत. माझ्या धक्क्यावर प्लास्टिकची छोटी माणसे बोटींकडे तोंड करून उभी होती. मात्र सकाळी कार्यालय उघडले की ती सगळी वळलेली असत. बोटींकडे पाठ, आणि माना खाली, पाण्याकडे. डिंक सैल झाला असेल, असे म्हणून कोणीतरी त्यांना पुन्हा सरळ करी. ती वळताना मला कधी जाणवले नाही. पण माझ्या काचेच्या आतल्या बाजूला दव धरू लागले होते, आणि ओल्या गाळाचा वास येई. माझ्यात तर थेंबभरही पाणी नव्हते.

एके दुपारी तानाबाई आल्या. त्या बुडालेल्या गावच्या, मेंढपाळ घरातल्या. सोबत बिरुदेवाचे पुजारी धुळाप्पा होते. तानाबाईंनी माझ्यावरून नजर फिरवली आणि टेकडीवर उभ्या केलेल्या क्रेनवर बोट ठेवले.

"हितं आमचा देव हाय."

"आजी, देवाला लई मोठं देऊळ बांधू की दुसरीकडं," उदयसिंह म्हणाले.

"गाव बुडालं तवा देव उठवून वर आणला. एकदा उठवलेला देव पुन्यांदा उठवत न्हाईत, बाबा. आता वर कुटं न्यायचा? ढगात?"

कार्यकर्ते हसले. उदयसिंह त्याच भागातले. त्यांना तिथल्या रीती ठाऊक होत्या, आणि ठाऊक आहेत म्हणूनच त्यांनी चूक केली.

"मग देवालाच इचारू. लावा हितंच कौल!"

धुळाप्पांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. "साहेब, कौल लावला की पाकळी पडंस्तवर देवाला हात लावायचा नसतो. चालंल?"

"व्हय की, चालंल. पंखा बंद करा रे!"

धुळाप्पांनी क्रेन उपटली. भंडाऱ्याच्या पिशवीतून देवाच्या ठाण्यावरचा एक दगड काढून तिथे ठेवला, त्यावर हळद उधळली आणि शेवंतीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार.

एकही पडली नाही. चहा आला, गार झाला. दिवस मावळला. लोक एकेक करून उठून गेले.

दुसऱ्या दिवशीही पाकळ्या तशाच होत्या. आठवड्यानंतरही तशाच, ताज्या. उदयसिंहांनी एका कार्यकर्त्याला दगड उचलायला सांगितले.

"दादा, मला लेकरंबाळं हायत," तो म्हणाला. "तुमी उचला की. तुमी तर मोठी मानसं."

मग एका दुपारी उदयसिंह एकटेच आले. दार लावून घेतले, माझ्यावर वाकले आणि उजव्या पाकळीवर फुंकर घालायला गाल फुगवले. तेवढ्यात त्यांची नजर काचेत गेली. गाल तसेच राहिले.

"खाली दिवा कुणी लावला?" त्यांनी अगदी हळू विचारले.

माझ्या तळाशी दिवा नाही, मित्रांनो. वायरसुद्धा नाही. ते पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे घेत दारापर्यंत गेले.

त्यानंतर बंदराची घोषणा पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली. पक्ष नव्या इमारतीत गेला. खुर्च्या गेल्या, पंखे गेले. मला कोणी हलवले नाही. माझ्या बोटींवर धूळ आहे, शीतगृहांत मुंग्या आहेत. टेकडी मात्र ओली असते.

तानाबाई दर रविवारी धुळाप्पांसोबत येतात आणि माझ्याजवळ बसतात.

"वयनी, शेवंती दोन दिसात सुकती," परवा धुळाप्पा म्हणाले. "ह्या अजून कशा न्हाईत सुकल्या?"

"खालची मानसं पाणी देत्यात," तानाबाई म्हणाल्या. "धरून बसल्यात दोनी बाजूनं."

"मग कौल कवा पडायचा?"

"खालची दमली की."

मला त्यातले फारसे कळत नाही. मी बंदर आहे की टेकडी, हेही आता नीट सांगता येत नाही. पण काचेखालून वर टेकलेले हात मला जाणवतात. पुष्कळ आहेत, आणि त्यांत लहान मुलांचेही आहेत.

म्हणून एक विनंती, मित्रांनो. या खोलीत कधी आलात तर मला पुसू नका, हलवू नका. दार हळूच लोटा. माझ्याजवळ शिंकू नका, हसूही नका. आणि काचेत वाकून पाहिलेच, तर कोणी वर बघत असेल. त्याला ओळख द्या, आणि श्वास बाजूला सोडा.