कुणाकडून

मॉडेमनं शेवटची शीळ घातली, आणि रुद्राणी खुर्चीतच उडाली.

"आत्या, आलं! मॉरिशसचं आलं!"

शिवकांताच्या बोटांत वात अर्धीच वळून राहिली. पाटावरून उठून, हात पदराला पुसून ती सुनेच्या खांद्यामागं उभी राहिली. 'वाच की लवकर' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते; पण आज सोमवार. सोमवारी लिंगपूजा आटोपली की दुपारी बारापर्यंत तिचं मौन असे. बावीस वर्षांत ते एकदाच मोडलं होतं, लेकाला लहानपणी विंचू चावला होता तेव्हा.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. अकरा वाजून वीस मिनिटं. बाराला मौन सुटायचं आणि बारालाच लाईट जायची. परळीचं वीज केंद्र साऱ्या मुलखाला वीज देतं, त्याची धुराडी दुकानाच्या गच्चीवरून दिसतात. पण भारनियमन काही परळीलाही चुकत नव्हतं.

"वाचते, वाचते," रुद्राणी म्हणाली. पत्र मराठीत होतं, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. "आदरणीय शिव..." तिनं जीभ चावली. "तुमचं नाव हाय आत्या. श्रावणात वैजनाथाला आलो होतो, तेव्हा तुमच्या वाती नेल्या. अशी एकसारखी ज्योत आम्ही पाहिली नाही. महाशिवरात्रीला मंदिरात सव्वा लाख वाती लावायच्या आहेत. आपल्याला जमेल का? आजच कळवा, आमची बैठक आहे."

सव्वा लाख! शिवकांतानं छातीवरच्या करडग्याला हात लावला. चांदीच्या त्या डबीतल्या इष्टलिंगाला आतूनच हाक गेली. मग ती लगबगीनं कपाटाशी गेली आणि पत्र्याचे तीन डबे ओढून झाकणं उघडली. पांढऱ्याशुभ्र फुलवाती, शंभराशंभराची पुडकी. उरलेल्यांसाठी तिनं खिडकीतून समोरच्या मंजुळाबाईंचं दार दाखवलं, मग भामाबाईंचं, आणि दहाही बोटं हवेत नाचवली.

"सगळी गल्ली बसवणार व्हय?" रुद्राणी हसायला लागली.

हसणं ऐकून सिद्धाराम पुढच्या दुकानातून आत आले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात कापराची पुडी. पत्र ऐकताऐकता ती पुडी त्यांनी नकळत फोडलीच.

"लिही बाई, लिही! जमेल म्हणावं. सिद्धाराम पूजा भांडार, परळी वैजनाथ. ठळक लिही."

रुद्राणीनं उत्तर टाईप केलं. सिद्धाराम चष्मा पुढं ओढून वाकले.

"वर हे हिचं नाव कावून आलंय?"

"ही फ्रॉमची ओळ, मामा. फ्रॉम म्हंजी कुणाकडून. आपली दोन खाती हायत ना, एक दुकानाचं तुमच्या नावानं, एक आत्यांच्या, मी शिकवायला काढलेलं. ज्या खात्यावर पत्र येतं त्याच्यावरनंच उत्तर जातं."

"अन हिच्या खात्यावर आलंच कसं?"

रुद्राणीनं सासूकडं पाहिलं. शिवकांता डब्यांची झाकणं लावण्यात गढून गेली होती.

"काल त्या मॉरिशसच्या बाईंचा फोन आलता. ईमेलचा पत्ता विचारला. दुकानाच्या पत्त्यात तुमचं नाव हाय. आत्या कशा घेतील? मग त्यांनी सोताचाच सांगितला."

"अगं, नाव कुठं घ्यायचंय? येस, आय, डी... सुटी अक्षरं तर सांगायची!"

शिवकांतानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली.

"जोडली की नावच होतं म्हणतात," रुद्राणीनं अर्थ लावला.

सिद्धारामांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीतच ठेवलं. "असू दे. धंद्याचं पत्र दुकानाच्याच नावानं गेलं पायजे. बदलता येतं का न्हाई?"

"येतं. ह्या खुणेवर दाबायचं, दोन्ही नावं खाली उघडतात. पायजे ते निवडायचं. दाबा तुमी."

"त्यो उंदीर माझ्या हाती गावत न्हाई. हिला बसव. वाती हिच्या हातच्या, पत्रबी हिच्याच हातनं जाऊ दे. नाव तेवढं दुकानाचं."

शिवकांता खुर्चीवर बसली. माऊसला हात लावण्याआधी तो हात तिनं कपाळाला लावला. खुणेवर दाबताच दोन ओळी उघडल्या. वर सिद्धाराम, खाली शिवकांता. एका पाटीवर, एका मापाच्या अक्षरांत. बावीस वर्षं तिच्या वातींच्या पुडक्यांवर एकच नाव छापलं होतं, आणि ते वाचताना तिला कधी काही कमी वाटलं नव्हतं. आज मात्र कानशिलं तापली. बाण वरच्या ओळीपर्यंत गेला, थांबला, परत आला. तिनं नवऱ्याच्या नावाकडं बोट केलं, कानाच्या पाळीला हात लावला आणि मान हलवली.

"आता काय झालं?"

"जे नाव तोंडानं घेत न्हाईत, त्याला उंदरानं कसं टोचायचं म्हणतात, मामा."

"काय बाई हे! अगं, टोचून मी मरतोय व्हय!"

घड्याळात बाराला तीन कमी होते. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्यांआधीची धून लागली. वरचा बल्ब एकदा मिणमिणला.

"आत्या, लाईट!"

"दाब! कंचंबी दाब, पण दाब!" सिद्धाराम ओरडले.

शिवकांतानं दाबलं. मग रुद्राणीनं दाखवलेलं दुसरं बटणही दाबलं. निळी पट्टी सरकत सरकत टोकाला पोचली, पत्र गेलं, आणि पडदा काळा झाला. पंख्याची पाती हळूहळू मोजता येऊ लागली.

"कंच्या नावानं गेलं?" त्यांनी विचारलं.

रुद्राणी काही बोलायच्या आतच फोन वाजला. सकाळपासून इंटरनेटनं अडवलेली लाईन आता मोकळी झाली होती. बारा वाजून गेले होते. शिवकांतानं मनात नमस्कार करून रिसीव्हर उचलला.

"बोला. हो, मीच... मिळालं? वैजनाथाची कृपा, बाई. होतील की, शिवरात्रीच्या आधीच पोचतील." ती ऐकत राहिली. "पुडक्यांवर? नाव होय?"

तिनं पदर सावरला.

"लिहून घ्या. दुकान सिद्धारामअप्पांचं. वाती शिवकांताच्या."

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. रुद्राणीच्या तोंडाला पदर गेला होता. सिद्धाराम कापराची फुटकी पुडी हातात घेऊन फोनकडं बघत राहिले.

"काल पत्ता सांगताना..." एवढं म्हणून ते थांबले.

शिवकांता पाटावर बसली होती. अर्धी राहिलेली वात उचलून, बोटाला जरासं भस्म लावून तिनं उरलेला पीळ दिला.

"कापूस संपत आलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "बाजारातून येताना घेऊन या. जरा जास्तच आणा."