भट्टी थंड होती त्या दिवसाची विक्री

जेवणाच्या खोलीतली टेबलं भिंतीला लावली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पॅकिंगच्या बायका ट्रे उलटे घालून त्यांवर बसल्या होत्या, आणि ब्रेडच्या त्या कारखान्यातलं झाडून सगळं माणूस माना उंचावून पांढऱ्या पडद्याकडे बघत होतं. पडद्याशेजारी कोटातले एक गृहस्थ उभे होते. फार मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचे विक्रेते. त्यांचं सॉफ्टवेअर ‘सर्वदर्शी’ धंद्याचं भविष्य सांगतं, असं मालकांच्या मेहुण्याने आठवडाभर सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

“ही निळी रेघ म्हणजे सर्वदर्शीचा अंदाज,” गृहस्थ म्हणाले. “गेल्या वर्षी कोणत्या दिवशी किती ब्रेड खपणार, ते तिने आधीच सांगितलं असतं. आता खरोखर किती खपले ते बघू.”

काळी रेघ उमटली आणि निळीवर अशी नेमकी बसली की निळी दिसेनाशीच झाली. खोलीत कुजबुज झाली. हिशेबनीसांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“इथे रेघ एकदम तळाला गेली. काय झालं होतं त्या दिवशी?”

“भट्टीला तडा गेला होता,” भट्टीवाला म्हणाला.

गृहस्थांनी आवाज खाली आणला. “सर्वदर्शीला ते कळलं होतं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मेहुण्याने तर चक्क हात जोडले.

टाळी वाजवली नाही ती फक्त एकीने. कारखान्यात तिला सगळे संगणकवाली म्हणत. उद्या कोणत्या दुकानाला किती ब्रेड पाठवायचे, हे रोज संध्याकाळी सांगणारं कारखान्याचं छोटं सॉफ्टवेअर तिने लिहिलं होतं. तिची आई इथेच पॅकिंगला होती. त्याच पगारावर लेक शिकली. आणि पॅकिंगमधल्या निम्म्या बायका जास्त आहेत, असा सर्वदर्शीचा पहिला सल्ला होता. त्यांना काढून जे वाचेल, त्यातूनच सर्वदर्शीचे पैसे भागवायचं मालकांनी ठरवत आणलं होतं. म्हणजे भविष्य सांगणाऱ्या या महाराजांची दक्षिणा याच बायकांच्या ताटातून जाणार होती, आणि बायका टाळ्या पिटत होत्या. आईसुद्धा.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. अहो, ब्रेडच्या खपावरून भट्टीला तडा जाणार हे कळेल कसं? जे ऐकून शंका यायला हवी, तेच ऐकून ही शहाणीसुरती माणसं भारावली होती.

“साहेब, उद्याचा आकडा सांगता का?” तिने विचारलं.

गृहस्थ गोड हसले. “ताई, आधी सर्वदर्शीला तुमच्या घरची हवा लागू द्या. तुमचे दोन वर्षांचे आकडे घेतले, तेव्हा कुठे तिने हे दाखवलं. गेल्या तीन महिन्यांचेही पाठवा. सह्या करायच्या दिवशी त्यांचाही अंदाज दाखवतो.”

“स्वतःचं खेळणं अडगळीत जाणार म्हणून पोटात दुखतंय हिच्या,” मेहुणा म्हणाला, आणि लोक हसले.

घरी आई म्हणाली, “तू कशाला मध्ये पडतेस? माझं गेलं तर गेलं. तुझं तरी राहू दे.”

“अगं, तुला काढायला निघालाय तो, आणि तू त्याला टाळ्या देतेस?”

“सगळ्यांनी वाजवल्या, मीही वाजवली,” आई म्हणाली. या उत्तराचा तिला जितका राग आला, तितका त्या गृहस्थांचाही आला नव्हता.

तीन महिन्यांचे आकडे तिनेच पाठवले. सगळे खरे, फक्त एक दिवस सोडून. त्या दिवसापुढे तिने मनाने आकडा घातला, एरवीच्या खपाच्या दुपटीहून जास्त.

सह्यांच्या दिवशी पुन्हा तीच गर्दी जमली. निळी रेघ आली. तिच्या मधोमध एक उंच सुळका होता. मग काळी रेघ आली आणि सुळक्यासकट तिच्यावर बसली. टाळ्या विरल्यावर संगणकवाली उठली.

“हा सुळका कसला, साहेब?”

“मागणीचा,” गृहस्थ म्हणाले. त्यांना जोर चढला. “हवामान, वाराची लय, गिऱ्हाइकाचं मन. सगळं एका रेषेत आलं की बाजार उसळतो. माणसाला ते दिसत नाही. सर्वदर्शीने ते तीन महिने आधी ओळखलं असतं.”

“तारीख वाचता जरा?”

त्यांनी तारीख वाचली. मालकांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

“त्या दिवशी माझे वडील गेले,” ते म्हणाले. “भट्टी पेटवलीच नव्हती. एक ब्रेड निघाला नाही. हे सगळे माझ्याबरोबर अंत्यविधीला होते.”

हिशेबनीसांनी पुढे होऊन पडद्यावरची तारीख पुन्हा वाचली.

“तो आकडा मी घातला, मालक,” ती म्हणाली. “माफ करा, दिवस मुद्दाम निवडला. दुसरा कुठलाही दिवस तुमच्या लक्षात राहिला नसता. यात अंदाज नाहीच. आपण पाठवलेलेच आकडे हे आधी निळ्या रंगात काढतात, मग काळ्या. चिठ्ठी वाचून घ्यायची आणि नंतर डोळे मिटून मनातलं ओळखल्याचं सोंग करायचं. भट्टीला तडा गेला त्या दिवसाचा आकडाही आपणच त्यांना पाठवला होता.”

“ही फक्त प्रात्यक्षिकाची आवृत्ती आहे,” गृहस्थ घाम पुसत म्हणाले.

“आणि निम्म्या बायका जास्त, हे कुठून काढलं?” हिशेबनीसांनी विचारलं.

“इतर कारखान्यांच्या सरासरीवरून.”

“तिथे ब्रेड यंत्र गुंडाळतं,” ट्रेवरून आईचा आवाज आला. “इथे आम्ही हातांनी गुंडाळतो.”

मेहुणा अजून हार मानत नव्हता. “पण एवढी मोठी कंपनी खोटं कशाला बोलेल?”

“मोठी आहे म्हणून तर कोणी विचारत नाही,” संगणकवाली म्हणाली. “विकत घेण्यात पाप नाही. पगाराचं सॉफ्टवेअर आपण बाजारातूनच आणलं, झकास चालतं, कारण पगार सगळीकडे सारखाच मोजतात. पण शाळेला सुट्टी लागली की कोपऱ्यावरच्या दुकानात निम्माच माल खपतो, हे इथल्या माणसांना विचारूनच कळतं. ते घरीच करावं लागतं. माझंही चुकतं. चुकलं की तुम्ही मला जाब विचारता. याला कोणी विचारला? डोळ्यांवर पट्टी बांधायला कोणी आलं नव्हतं, आपणच ती बांधून टाळ्या वाजवत होतो.”

मालकांनी सही न करता करार गृहस्थांपुढे सरकवला. “पॅकिंगमधलं कोणी जाणार नाही,” ते बायकांकडे न बघता म्हणाले. त्यांना लाज वाटत होती, आणि वाटायलाच हवी होती.

“यापुढे कोणी होऊन गेलेल्याचं भविष्य सांगू लागला,” संगणकवाली सगळ्यांना म्हणाली, “तर त्याला उद्याचं विचारा. आकडा लिहून घ्या, उद्या मोजा, मग काय त्या टाळ्या वाजवा.”

आई ट्रेवरून उठली. “मग आताच विचारू की. साहेब, सांगा उद्याचा आकडा. उद्या माल भरून होईपर्यंत बसा, चहा मी पाजते.”

गृहस्थांनी तोवर वायर गुंडाळली होती. त्यांना दुसऱ्या कारखान्यात जायचं होतं.