फ्रीजमधला हिवाळा

रात्रभर बोक्याच्या छातीची घरघर ऐकून तिच्या झोपेचं खोबरं झालं होतं, आणि आज नेमके कंद कुंड्यांत लावायचे होते. बोका म्हणजे तिचा आठ महिन्यांचा मुलगा. घरघरतो म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, लाडानं हाक मारायच्या. हिला मात्र दर हाकेला ती घरघरच आठवायची.

गॅलरीत एक जुना फ्रीज होता. त्यात दूध नाही, भाजी नाही. जाळीच्या पिशव्यांत नुसते ट्युलिपचे कंद. ती नर्सरीत कामाला होती. बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "घरी बसून कुंड्या फुलवून दाखव. फुलल्या तर दर वर्षी हे काम तुझं. नाही तर आपलं नेहमीचं, सकाळी दुकानात हजर."

दुकानात हजर म्हणजे दिवसभर बोका सासूबाईंच्या हाती. त्या मायाळू होत्या, त्यात वाद नव्हता. पण औषध त्या अंदाजपंचे घालायच्या. "दोन थेंब इकडे काय नि तिकडे काय," हे त्यांचं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

म्हणून तिनं कंदांना जीव लावला. ट्युलिपला भरपूर थंडी भोगल्याशिवाय फूल येत नाही. बाहेरच्या थंडीचा भरवसा नाही, म्हणून हा फ्रीजमधला हिवाळा. वरच्या कप्प्यात लवकर फुलणारे एकेरी. दांडा आखूड, कुंडीत वाकत नाहीत. मधल्या कप्प्यात भरगच्च पाकळ्यांचे दुहेरी. त्याखाली पॅरट, झालरीसारख्या कातरलेल्या पाकळ्यांचे, उशिरा फुलणारे आणि नखरेल. रोज ती दार उघडून बघायची: बुरशी नाही ना, ओल नाही ना. ट्रकवरून चार दिवस घरी आलेला नवरा म्हणाला होता, "आपल्या लग्नात माझ्या मामाचीसुद्धा एवढी बडदास्त नव्हती."

आज तिनं कुंड्या मांडल्या, पाणी साचू नये म्हणून मातीत वाळू मिसळली. कंदाची एक बाजू चपटी असते. ती कुंडीच्या काठाकडे करायची, म्हणजे पहिलं मोठं पान बाहेर झुकतं आणि मधे फुलांना जागा राहते. टोक वर. डोळे मिटले तरी जमेल असं काम, आणि डोळे मिटतच होते. शेवटची पिशवी काढायला ती वाकली, तेव्हा गोडसर वास आला.

तळाचा भाजीचा खण तिनं ओढला. तो रिकामा असतो म्हणून कधी उघडलाच नव्हता. आत कागदात नीट गुंडाळलेली सफरचंदं होती. पिकलेली.

"आई! ही इथं कुणी ठेवली?"

"मीच की. तो मागच्या खेपेला पेटी घेऊन आला नाही का? आतल्या फ्रीजमध्ये तुझ्या बाटल्यांनी मुंगीला जागा नाही. बोक्याला उकडून द्यायला हाताशी बरी."

"मागच्या खेपेला? महिना झाला त्याला!"

"अगं, कंदांना हात नाही लावला हो मी. तू म्हणालीस हात लावू नका, मी बोटसुद्धा लावलं नाही. मुद्दाम खाली ठेवली."

"पिकणाऱ्या फळातून वायू सुटतो, आई. त्यानं कंदातली कळी आतल्या आत मरते."

सासूबाईंनी एक सफरचंद उचलून हुंगलं. "मग हे सांगितलंस कधी? नुसतं म्हणालीस, हात लावू नका. या घरात हल्ली कशालाच हात लावायचा नसतो. मी आपली हुकमाची ताबेदार."

तिच्यात भांडायचंही त्राण नव्हतं. सुरी घेऊन ती खाली बसली आणि एक एकेरी कंद उभा चिरला. धड असता तर पोटात पिवळट हिरवी, इवलीशी कळी उभी दिसली असती. होता तो तपकिरी, वाळका धागा. दुहेरी चिरला; तेच. पॅरटला सुरी लावायचा धीर होईना, तेव्हा सासूबाईंनी सुरी हातातून घेतली, शेजारी बसल्या आणि तो चिरला.

"कांदे असते तर निदान भाजी झाली असती," त्या हळूच म्हणाल्या.

"तोंडात घालू नका. विषारी असतात."

"बघ. हेसुद्धा आत्ता सांगतेस."

तिनं फोन लावला. मालकीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"लाव तसेच," त्या म्हणाल्या. "कंद काही मेले नाहीत. पानं येतील, फुलं यंदा विसर. पानं पिवळी पडून वाळेपर्यंत कापायची नाहीत, त्यांच्यावरच कंद पुन्हा पोसतो. लावून झालं की कुंड्या इकडे पाठवून दे. आणि सोमवारपासून ये."

"बाई, आणखी थोडे दिवस..."

"सोमवार."

आत बोका उठून खोकायला लागला. ती धावली, पण हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. सासूबाईंनी त्याला उचलून खांद्यावर टाकलं. ती दारातच उभी राहिली. रडावंसं वाटत होतं, पण त्यालाही जोर लागतो.

"आई, औषधाची वाफ द्यायला लागेल. मशीन तुम्ही लावा. मास्क नाकाला घट्ट धरायचा."

"घट्ट का?"

"सैल राहिला तर औषध हवेत जातं, छातीत पोचत नाही."

"अस्सं. आणि मांडीवर उभा का धरतेस? आडवा घेतला तर झोपेल तरी."

"आडव्यात कफ घशाशी येतो. आणि थेंब मोजूनच घालायचे. जास्त झाले की हृदय धडधडतं त्याचं."

"हे डॉक्टर म्हणाले?"

"हो."

"मग तेव्हाच नाही का सांगायचं, बाई!" सासूबाईंनी ओठ हलवत थेंब मोजले, मशीन सुरू केलं. बोका आधी किंचाळला, मग मुसमुसत गप्प झाला. "आणि हे स्वेटरवर स्वेटर? घामानं पाठ भिजलीय त्याची. याचं काय कारण?"

ती दारातून एक पाऊल आत आली.

"कारण काही नाही. मला भीती वाटते."

"मग एक काढते."

सासूबाईंनी वरच्या स्वेटरची बटणं सोडायला घेतली. तिचे मातीचे हात पुढे गेले. तिनं ते मागे घेतले, भिंतीला टेकली आणि बघत राहिली.