हातात राहिलेला रोखमंत्र

बोलतोय तो मी, रोखमंत्र. पत्त्यांच्या खेळातला एक मंत्राचा पत्ता. रमीतला नव्हे, राक्षस, जादूगार आणि ड्रॅगन यांच्या लढाईचा खेळ असतो ना, त्यातला. सध्या माझा मुक्काम कागलला, एका काचेच्या कपाटात आहे. मला असं जपून ठेवावं, ही माझीच जुनी इच्छा. ती कशी पुरी झाली ते ऐका, आणि हसू नका.

कारखान्यात छापून, कापून मला आणखी चौदा पत्त्यांसोबत एका पाकिटात कोंबलं. ते पाकीट फोडलं शिफानं, कोल्हापूरच्या राजारामपुरीत. तिचं ते पहिलंच पाकीट आणि त्यातला पहिला पत्ता मी. "समोरच्याचा मंत्र जागीच थांबव," हे माझ्यावरचं वाक्य तिनं तीनदा वाचलं आणि म्हणाली, "ह्यो आपला!" त्या दोन शब्दांवर मी दोन वर्षं काढली.

मग ज्वालामुख आला.

सोनेरी कडेचा ड्रॅगन. तिच्या भावानं, अल्ताफनं, वाढदिवसाला दिलेला. आल्या आल्या त्याला जाड प्लास्टिकची डबी. मला मात्र तेच कोपरा फाटलेलं पातळ कव्हर. लोक हौसेनं त्याचे फोटो काढायचे. माझा फोटो एकदाच निघाला, तोही त्याच्या शेजारी होतो म्हणून, अर्धा. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

आमच्या खेळाचे नियमच पक्षपाती. ड्रॅगन एकदा मांडला की मरेपर्यंत टेबलावर ऐटीत बसतो. मंत्राचं तसं नाही. शक्ती खर्च करायची, मंत्र मोठ्यानं म्हणायचा, आणि काम झालं की त्याची रवानगी वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात. बाकीचे मंत्र आपल्याच पाळीत म्हणता येतात. मी तेवढा समोरच्याच्या पाळीतही चालतो. शिवाय एकावर दुसरा मंत्र आला तर शेवटी म्हटलेला आधी लागू होतो. म्हणून मागून येऊनही मी पुढच्याला थोपवतो. एकच अट आहे. मंत्र टाकणारा "टाकू?" असं विचारतो, तेव्हाच मला पुढं करायचं. एकदा "टाक" म्हटलं की त्याचा मंत्र लागला. मग मी हातात असलो काय, नसलो काय.

गेल्या महिन्यात एका शनिवारी सामन्याचा शेवटचा डाव होता. शिफासमोर कागलचा विश्वजित. आमच्या टोळक्याची एक रीत आहे: शेवटचा डाव हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला तो मागेल तो पत्ता द्यायचा. विश्वजित ज्वालामुखासाठीच आलाय, अशी कुजबुज होती. मी मनात म्हटलं, ने बाबा, एकदाचा ने.

ज्वालामुख टेबलावर. मी शिफाच्या हातात, तिच्या घामेजल्या अंगठ्याखाली. मला म्हणण्यापुरती शक्ती तिनं राखून ठेवली होती. विश्वजितनं ड्रॅगनची जाळून राख करणारा पत्ता दाखवला. "राखमंत्र, तुझ्या ड्रॅगनवर. टाकू?"

आता आडवं पडायचं काम माझं. त्या सोनेरी कडेच्या शहाण्याला वाचवायचं आणि स्वतः ढिगात जायचं. जळू दे त्याला, असंच माझ्या मनात आलं.

तेवढ्यात शिफाला आली रग. समोरच्यानं डिवचल्यावर गप्प बसणं आमच्या कोल्हापूरला जमतंय कुठं? "टाक की! घाबरतंय कोण?" ती गरजली, आणि मग मला पुढं केलं. "रोखमंत्र!"

पंच म्हणून बसलेल्या अनुजानं हात आडवा घातला. "न्हाय चालायचं. टाक म्हणालीस तू."

"अगं, उगं तोंडातनं आलं की ते! सवय हाय!"

"सवय हाय, पर नियम हाय का न्हाय?"

ज्वालामुख ढिगात गेला आणि मी हातातच राहिलो. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पुढच्या दोन पाळ्यांत शिफा हरली, तरी माझा आनंद काही ओसरेना.

तिनं ज्वालामुख उचलून विश्वजितपुढं सरकवला. त्यानं मान हलवली.

"ह्यो नगं. त्यो रोखमंत्र दे."

"त्यो? त्याचं कव्हर तरी बघ की."

"कव्हर घिऊन काय करू? वरीसभर तुझ्यासंगं खेळताना मोठा मंत्र टाकायच्या आधी मी धा वेळा थांबलोय. त्यो तुझ्या हातात असंल, ह्या भ्यानं. तुझा ड्रॅगन टिकला त्यो त्याच्यामुळं."

म्हणजे मी टेबलावर न येताही लढत होतो. हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

शिफानं मला दोन्ही हातांनी धरलं. "ज्वालामुख घे की रं. पायजे तर आणि दोन घे. ह्यो माझ्या पहिल्या पाकिटातला हाय."

"रीत म्हंजे रीत."

माझ्या बदल्यात ती ज्वालामुख देत होती! आणि मी त्याच्या मरणाची वाट बघत बसलो होतो. तिनं माझं कव्हर एकदा सारखं केलं आणि मला देऊन टाकलं.

आता मला जाड डबी आहे. पावणं येतात, माझे फोटो काढतात, पुरेच्या पुरे. विश्वजित मला खेळात काढत नाही, त्यामुळे महिनाभरात मला कुणी मोठ्यानं म्हटलेलं नाही. शिफानं माझ्या जागी कुठला पत्ता घेतला असेल? कुठलाही असो, त्याच्यावर मी आत्तापासूनच जळतोय.

शिफा, पुढचा सामना जिंक आणि मलाच माग. विश्वजित "टाकू?" म्हणाला की तेवढी जीभ आवर. मला पातळ कव्हर चालेल, ढीग चालेल. ज्वालामुखाशेजारचा अर्धा फोटोसुद्धा चालेल.