हा डाग राहू द्या

थोरलीने आयुष्यात एकच चैन केली आणि ती गळकी निघाली.

चैन म्हणजे गाडी. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला पोट टेकवून धावणारी लाल स्पोर्ट्स कार. वापरलेली होती, पण शोरूमने वर्षभराची वॉरंटी दिली होती. उमेदीची सगळी वर्षं बापाच्या लाँड्रीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात गेल्यावर बाईने स्वतःसाठी काही घेतलं, तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं. तरी धाकट्या भावाच्या दुखलंच. इंजिनाखाली तेलाचा पहिला थेंब दिसला तेव्हा त्याचा चेहरा असा खुलला की जणू तो थेंब त्यानेच पाडला होता. वॉरंटी आहे तोवर विकून मोकळी हो, असं तो उठता-बसता ऐकवू लागला. एक मात्र तो खरं बोलत होता. इंजिन उतरवून दुरुस्त करायचं काम शोरूमने केलं नाही, तर ते लाँड्रीच्या कमाईत बसणारं नव्हतं. मग गाडी हातची जाणार हे थोरलीलाही कळत होतं, आणि ती जाऊ द्यायची नाही हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

शोरूमचा नियम साधा होता. इंजिन नुसतं ओलसर दिसलं तर ते गाडीचं वय. तेल टपकताना दिसलं तर गळती, आणि वॉरंटीत बसायची ती गळतीच. पण ही बया टपकायची ती चांगली तापून थांबल्यावर थोडाच वेळ. थंड झाली की एकदम साळसूद.

पहिल्यांदा दाखवायला नेली तेव्हा गाडी खालून आरशासारखी लख्ख निघाली. मॅनेजरने इंजिनावरून बोट फिरवून कोरडं बोट तिच्यासमोर धरलं. थोरली खजील होऊन घरी आली, तेव्हा उलगडा झाला. अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, सकाळी गाडीखाली आडवं पडून सगळं तेल पुसून काढलं होतं. चारचौघांत न्यायची गाडी अशी बरबटलेली कशी न्यायची, असं त्यांचं म्हणणं.

अप्पांचा तरी काय दोष? लाँड्री त्यांनीच उभी केली होती. डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. एकदा शेजारी गप्पा मारायला आला, तर त्याच्या अंगातला शर्ट काढून घेऊन त्यांनी कॉलरचा डाग घालवला आणि तो वाळेपर्यंत त्या बिचाऱ्याला बनियनवर बसवून ठेवलं.

थोरलीने मग दुसरा उपाय केला. गाडी तापवून आणली आणि इंजिनाखाली लाँड्रीतली पांढरी चादर अंथरली. बशीएवढे तपकिरी डाग पडले. तिने चादरीची घडी करून काउंटरखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी, वॉरंटीच्या शेवटच्या दिवशी, ती घ्यायला गेली तर चादर इस्त्री होऊन फळीवर. शेजारी अप्पा खुशीत उभे.

"तेलाचा होता," ते म्हणाले, "पण सोडला नाही मी त्याला."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं कमी, संतापाचं जास्त.

"अप्पा, तो माझा पुरावा होता. आज संध्याकाळी वॉरंटी संपतेय."

अप्पा काउंटरला धरून खाली बसले. ते पुटपुटले, "मला वाटलं, तुझं काम हलकं करतोय."

तिने किल्ली उचलली आणि त्यांना गाडीत बसायला सांगितलं. आजवर अप्पा त्या गाडीत बसले नव्हते. या वयात शोभत नाही म्हणायचे. आज मुकाट्याने वाकून, कण्हत बसले. थोरलीने शहराबाहेरचा चढ दोनदा चढवून इंजिन तापवलं आणि थेट शोरूममध्ये शिरली.

तिथे दारातच, गाड्या ताब्यात घ्यायच्या जागी पांढरीशुभ्र फरशी होती. मॅनेजरने सुचवलं की गाडी ठेवून जा, उद्या सकाळी निवांत बघू. उद्या म्हणजे गाडी थंड आणि वॉरंटी संपलेली. थोरलीने फरशीच्या मधोमध इंजिन बंद केलं आणि अप्पांना हात देऊन खाली उतरवलं.

"थेंब पडेपर्यंत गाडी इथून हलणार नाही," ती म्हणाली.

मॅनेजर हसला आणि फोन घ्यायला काचेच्या केबिनमध्ये गेला. पहिला थेंब पडला. तिने हाक मारेपर्यंत कोपऱ्यातला सफाईवाला लांब दांड्याचं फडकं घेऊन आला आणि पुसून गेलाही. मॅनेजर आला, कोरडी फरशी बघून परत गेला. दुसऱ्या थेंबाचंही तेच झालं. सफाईवाला आपलं काम चोख करत होता, त्याला बोलणार तरी काय? इंजिन निवत चाललं होतं.

तिसरा थेंब पडला. फडकं पुढे सरकलं आणि मध्येच अडलं. दांडा अप्पांनी धरला होता.

"थांबा," अप्पा म्हणाले. "हा डाग राहू द्या."

साहेब रागावतील, असं सफाईवाला म्हणाला. रागावू देत, पण त्यांना इथे बोलवा, असं म्हणून अप्पा गुडघे धरत त्या थेंबाशेजारी फरशीवर बसले. बापाने डाग राहू दिलेला थोरली जन्मात पहिल्यांदा पाहत होती. तिचा सगळा राग तिथेच विरघळला.

मॅनेजर आला. म्हाताऱ्याला उठवायला वाकला, आणि तेवढ्यात त्याच्या डोळ्यांदेखत चौथा थेंब पडला. खाली बसून त्याने गाडीखाली पाहिलं, मोबाइलवर फोटो काढला आणि दुरुस्तीचा कागद मागवला. इंजिन उतरवावं लागेल, सगळं वॉरंटीत होईल, असं त्याने जरा नाइलाजानेच सांगितलं.

कागद भरून होईपर्यंत अप्पा उठून उभे राहून डागाकडे बघत होते. बोटं वळवळत होती, म्हणून त्यांनी दोन्ही हात खिशात घालून ठेवले होते. मॅनेजरने सही केली. थोरलीने कागद दोनदा वाचला, पर्समध्ये ठेवला आणि अप्पांकडे बघून मान डोलावली.

अप्पांनी खिशातून हात काढला आणि सफाईवाल्यापुढे केला.

"आता द्या इकडे ते फडकं."