सर्वांत शेवटी ठेवलेली मिरची

एर्मेलिंदाने आगटीवर टांगलेल्या ताटीवरची एक मिरची उचलून नाकाशी धरली आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. काहीच आलं नाही. धूर नाही, मिरची नाही. जणू पाण्याचा पेला हुंगला.

हिवाळ्यातला ताप उतरला तेव्हापासून नाक असंच होतं. आज वास येईल, उद्या येईल म्हणत उन्हाळाही सरला. चोलचोलच्या टेकड्यांवर मिरच्या लाल झाल्या आणि दरवर्षीसारख्या शेजारणी जुड्या घेऊन दारात आल्या. प्रत्येकीच्या जुडीला तिच्या घरच्या लोकरीचा धागा. मिरचीला धूर द्यायचा तो याच आगटीवर, हे तिच्या सासूच्या काळापासूनचं. एर्मेलिंदाच्या तोंडून 'नाही' निघालं नाही. आता साऱ्या वस्तीचं वर्षभराचं तिखट तिच्या डोक्यावर लटकत होतं, आणि ती बोटांनी साल चाचपत, कानाशी मिरची हलवून बिया वाजतात का ते ऐकत दिवस काढत होती.

बाहेर कुत्रं भुंकलं. ओतिलिया, तिची थोरली नणंद, दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"या वन्सं. घोटभर गरम माते करते."

"का गं, घराला रंग काढलायस की काय?"

"रंग? नाही बाई."

"मग टर्पेंटाइनचा वास कसला?"

एर्मेलिंदा हसली. चेष्टाच आहे असं समजून हसावं, तशी. हसतानाच तिची नजर आगटीत गेली. मधल्या ओंडक्याच्या टोकाशी पिवळा चीक बुडबुडत होता. पाईन. टेकड्यांवर लाकूड कंपनीने लावलेला, जो या आगटीत कधी शिरला नव्हता.

ओतिलियाने चिमट्याने ओंडका ओढला आणि अंगणात नेऊन टाकला.

"कधीपासून जळत होता?"

"दुपारपासून. तुमच्या पोरानं, सेगुंदोनं आणलेल्या लाकडाच्या गाडीतला."

"त्या गाढवाला जंगली ओक आणि पाईन सारखंच. पण तू? अख्खी दुपार इथं बसून तुला कळलं नाही?"

एर्मेलिंदाने किटली उचलली आणि पाणी न ओतताच परत खाली ठेवली.

ओतिलिया हळू आवाजात म्हणाली, "तापापासून?"

एर्मेलिंदाने मान हलवली.

ओतिलिया एकेक जुडी काढून हुंगू लागली. निळा धागा. हिरवा. पांढरा. एर्मेलिंदा तिच्या नाकपुड्यांकडे बघत होती; डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तशी.

"या वाचल्या. सुकत आल्या होत्या, म्हणून. ओली साल असती तर चिकाचा सगळा धूर प्यायली असती."

मग तिचा हात कडेच्या जुडीशी आला. लाल धागा. एर्मेलिंदाची स्वतःची. लोकांची आधी, आपली शेवटी, ही इथली रीत. त्यामुळे ती जुडी कालच ताटीवर चढली होती आणि अजून ओली होती. ओतिलियाने ती नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं.

"ही गेली."

"एवढीच ना?"

"एवढीच. हे बघ, मी रोज संध्याकाळी येत जाईन. नाक माझं, हात तुझे. कुणाला सांगायचं काय कारण?"

एर्मेलिंदाने निखाऱ्यांवर राख ओढली.

"नको वन्सं. जुड्या तुमच्याकडे न्या. बायकांना मीच सांगेन."

"काय सांगशील?"

"जे आहे तेच."

ओतिलियाने वाद घातला नाही. जुड्या शालीत बांधून ती उताराला लागली, तेव्हा अजून उजेड होता. एर्मेलिंदा दिसेपर्यंत बघत राहिली. आत ताटीवर आता लाल धाग्याची एकच जुडी होती.

तिने बटाटा उकडला, त्या जुडीतली एक मिरची राखेत भाजून वर चुरडली आणि घास घेतला. जीभ पोळली, डोळ्यांना पाणी आलं. तेवढं शाबूत होतं.

मग तिने जुडीतली दुसरी मिरची काढली आणि चुरडण्याआधी, सवयीने, नाकाशी धरली.