गंगम्माची शपथ

जत्रेला गेलेल्या गाड्या परत आल्या आणि त्यांच्या मागोमाग गावात पटकी शिरली. उमरग्याच्या तहसीलीतून हुकूम आला, दवंडी फिरली: कुणी घराबाहेर पडू नये, पाणी उकळल्याबिगर पिऊ नये. त्या दिवशी सिद्धम्माची चिमुरडी नात इरम्मा आजीकडं खेळायला आली होती, ती तिथंच राहिली. तिची आई गंगम्मा म्हणजे सिद्धम्माची एकुलती लेक. गावातच दिलेली, चार घरं पलीकडं. तिथं सासू पटकीनं अंथरुणाला लागलेली, म्हणून पोरीला परत न्यायचं नाही असं ठरलं.

सिद्धम्मा विधवा, पण हिमतीची बाई. परसात आड होता, कणगीत ज्वारी होती. तिनं दाराला अडसर घातला. सकाळी उठून आधी पाण्याचं तपेलं चुलीवर चढवायचं, मग नातीला न्हाऊ घालायचं, लिंगपूजा करून तिच्या कपाळाला विभूती लावायची. दुपारी दोघी चिंचोके खेळायच्या. इरम्मा इवल्या इवल्या भाकऱ्या थापायची. त्या वाकड्या व्हायच्या, करपायच्या, आणि आजी आधी त्याच खायची. गल्लीतून रडारड ऐकू आली की सिद्धम्मा जात्यावर बसायची आणि मोठ्यानं ओव्या म्हणायची. पोरीला वाटायचं, अज्जी लई खुशीत आहे.

उन्हं उतरली की दोघी माळवदावर चढायच्या. पलीकडच्या माळवदावर गंगम्मा यायची.

"अव्वा, म्या आज भाकर केली!" इरम्मा ओरडायची.

"मला ठिवलीस का?"

"तू येतच न्हाईस!"

गंगम्मा हसायची आणि पदरानं तोंड पुसायची.

एके दिवशी ती वर आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. "सासूबाई गेल्या, अव्वा," ती आईला म्हणाली. "रोग अजून घरातच हाय. इरीला हिकडं आणू नगं. उद्या म्या बोलावलं तरी आणू नगं."

"असं का बोलतीस गं?"

"माझी शपथ हाय तुला."

दुसऱ्या दिवशी गंगम्मा माळवदावर आली नाही. इरम्मानं हाका मारमारून घसा बसवला.

त्यानंतरच्या सकाळी जावई महारुद्र आला. दाराला हात न लावता गल्लीतच उभा राहिला. सिद्धम्मानं खिडकी उघडली.

"मामी, तिला लागण झाली. इरीला एकदा दाखवा म्हणती. नुसतं दारातनं."

सिद्धम्मानं मागं वळून पाहिलं. पोर चुलीपाशी पीठ मळत बसली होती.

"न्हाय आणणार," ती म्हणाली. "तिनंच मला शपथ घातलीया."

"तवा ती धड व्हती, मामी. आता नुसती इरीचं नाव घेती. मग तुम्ही तरी चला."

"म्या आले तर परत पोरीजवळ कशी येऊ? तिला कोण बघंल?"

तो माघारी फिरला. सिद्धम्मा खिडकीचे गज धरून उभी राहिली. तिचे पाय दोनदा दाराकडं गेले. एकदा तर तिनं अडसरही काढला.

"अज्जी, पीठ पातळ झालं," इरम्मा म्हणाली.

सिद्धम्मानं अडसर पुन्हा लावला आणि पीठ सारखं करून दिलं.

दुपारी गंगम्मा गेली. अंत्यविधी करणारे जंगमस्वामीही आजारी होते. महारुद्रानं आणि त्याच्या भावानं मिळून तिला मळ्यात माती दिली. सिद्धम्माला हे शेजारणीनं भिंतीपलीकडून सांगितलं. ती आडावर गेली, पोहरा आत सोडला आणि किती तरी वेळ वर ओढलाच नाही. मग पाणी आणलं, उकळलं, नातीला जेवू घातलं. संध्याकाळी पोर माळवदाकडं धावली, तेव्हा मात्र तिनं तिला उचलून पोटाशी घेतलं.

रोग हटला. दवंडी झाली, दारं उघडली. महारुद्र आला आणि लेकीला कवटाळून ढसाढसा रडला. मग सिद्धम्मा इरम्माला घेऊन त्याच्याबरोबर मळ्यात गेली. मातीचा उंचवटा अजून बसला नव्हता.

तिनं खाली बसत विचारलं, "म्या आणली न्हाई म्हटल्यावर काय म्हणली ती?"

महारुद्र तिच्याशेजारी खाली बसला.

"काईच न्हाय म्हणली, मामी. दाराकडं बघत व्हती."

इरम्मा बांधावर पाखरांमागं पळत होती, धडधाकट, लालबुंद. सिद्धम्मानं तिच्याकडं पाहिलं आणि दोन्ही हात लेकीच्या मातीवर ठेवले. इतके दिवस दाबून धरलेला हंबरडा तिथं फुटला. पळणारी पोर जागच्या जागी थांबली.